काळूराम की रंगराव

मला त्यांचा कंटाळा यायचा, हे आधीच सांगून टाकते. माणूस लांब राहायला गेला की त्याच्याबद्दल सगळं गोडच आठवायची एक पद्धत आहे. मला आठवते ती दुपारी अडीचची वेळ. जव्हारच्या सरकारी दवाखान्यातली माझी खोली, टेबलावर मलेरियाच्या शंभर-सव्वाशे काचपट्ट्या, सूक्ष्मदर्शकात बघून बघून ताठलेली मान, आणि दारात कागदांची गुंडाळी घेऊन उभे असलेले ते.

"ताई, दोनच मिनिटं. एक निर्णय द्यायचाय तुम्ही."

दोन मिनिटं कधीच दोन नसत आणि निर्णय कधीच होत नसे.

ते एक्स-रे काढायचे आणि मी रक्त तपासायचे. आमच्या खोल्यांमध्ये एकच भिंत होती. नव्वदचं दशक संपत आलं होतं. मी नोकरीला नवी, बदलीचे अर्ज करून थकलेली. त्यांनी पन्नाशी ओलांडलेली. बारीक अंगकाठी, बाह्यांची बटणं मनगटापर्यंत लावलेली, हातांना फिल्म धुण्याच्या द्रावणाचा कायमचा आंबूस वास. सगळे त्यांना साहेब म्हणत, मी काका म्हणायचे. पाड्यांवरून आलेले लोक त्यांना 'फोटूवाला' म्हणत आणि काकांना तेच नाव सगळ्यांत पसंत होतं. कारण स्वतःच्या लेखी ते तेच होते. दिवसा हाडांचे फोटो काढायचे आणि रात्री आकाशाचे.

आकाशाचे म्हणजे चंद्राबिंद्राचे नव्हेत. "चंद्र काय, कोणीही काढील," असं ते म्हणायचे. त्यांना हवे असत ते तेजोमेघ, म्हणजे ताऱ्यांच्या मधे पसरलेले वायूचे ढग. डोळ्यांना ते दिसत नाहीत. दुर्बिणीमागे कॅमेरा लावून, दहा दहा मिनिटं झाकण उघडं ठेवून उजेड साठवावा लागतो. दुर्बिणीचा आरसा त्यांनी स्वतः घासला होता, ओसरीत एका पिंपाभोवती गोल गोल फिरत, तीन महिने. रोज शंभर फेऱ्या. काकू म्हणायच्या, "लग्नात सातच घातल्या होत्या."

आधी ते साध्या फिल्मवर फोटो काढायचे आणि दवाखान्याच्या अंधारखोलीत, सगळं काम आटोपल्यावर, लाल दिव्याखाली धुवायचे. पण फिल्मवर ते नाराज होते. "फिल्म थकते हो ताई. पहिल्या पाच मिनिटांत जेवढा उजेड पिते तेवढा पुढच्या पाचात पीत नाही. माणसासारखीच." मग कुठल्याशा मासिकात त्यांनी वाचलं की आता परदेशात आकाशासाठीच बनवलेले कॅमेरे मिळतात. त्यांत फिल्म नसते, नखाएवढी चिप असते, ती थकत नाही. फक्त तापते. आणि तापली की नसलेले ठिपके दाखवायला लागते. म्हणून त्या कॅमेऱ्यांच्या पोटातच चिपला गार करायची सोय असते.

हे त्यांनी मला किती वेळा समजावलं असेल, त्याची गणतीच नाही. कपाटातली फिल्मची एक जुनी पेटी आणून दाखवली. "ही वापरलेली नाही. नुसती मे महिन्यात कपाटात पडली होती. धुतली, तर बघा कशी धुरकट. उष्णतेनं स्वतःहूनच काळी पडली. चिपचं तसंच. सहा अंश तापमान चढलं की तिची कुरकुर दुप्पट." मी मान डोलवायचे आणि पुन्हा काचपट्टीकडे वळायचे.

दवाखान्यातले आम्ही सगळे जव्हारमध्येच राहत होतो. काका मात्र मोखाड्याच्याही पुढे, गाव संपल्यावर अर्धा मैल, एका भाड्याच्या घरात राहायचे. रोज सकाळी जीपमध्ये दाटीवाटीनं बसून तासभर येणं, संध्याकाळी तासभर जाणं. कारण एकच, तिथलं आकाश काळं होतं. जव्हारला बाजारपेठेचे दिवे होते, ते त्यांना चालत नव्हते. त्यांच्या वाटेवर ग्रामपंचायतीचा एक दिवा होता. तो बंद करा असं म्हणायची सोय नव्हती. त्यांनी तेलाच्या डब्याचा पत्रा कापून त्या दिव्याला टोपी बसवली, उजेड वर न जाता खालीच पडावा म्हणून. ग्रामसेवक जाब विचारायला आला. काकांनी त्याला खांबाखाली उभं करून वर्तमानपत्र वाचायला लावलं. रस्त्यावर आधीपेक्षा जास्त उजेड पडत होता. ग्रामसेवकानं आणखी दोन दिव्यांना तशाच टोप्या करून मागितल्या.

ते रोज रात्री दहा वाजता आणि पहाटे उठले की बाहेरचं तापमान बघायचे आणि एक्स-रेच्या जुन्या पाकिटांच्या पाठीवर लिहून ठेवायचे. कॅमेरा बाहेरच्या हवेपेक्षा तीसेक अंश खाली जाऊ शकतो, म्हणून बाहेरची हवा किती ते ठाऊक असायला हवं. कॅमेरा नव्हताच. तापमानं मात्र चार-पाच वर्षांची होती.

कामात ते अतिशय सावकाश होते. बाहेर माणसं ताटकळत असायची, डॉक्टर चिडायचे. काकांचं ठरलेलं वाक्य असे, "घाईत काढलेला एक्स-रे दोनदा काढावा लागतो." खरं सांगायचं तर त्यांना तो दोनदा काढावा लागल्याचं मी फारसं पाहिलं नव्हतं. हात मोडलेलं पोरही त्यांच्यासमोर गप्प बसायचं, कारण हात फिल्मच्या पेटीवर ठेवता ठेवता ते त्याला मृगाच्या पट्ट्यातल्या घोड्याची गोष्ट सांगायचे. मृग नक्षत्रात तीन तारे एका ओळीत असतात. त्यातल्या एकाच्या खाली लालसर ढग आहे आणि त्या ढगासमोर घोड्याच्या तोंडासारखा एक काळा आकार आहे. त्या घोड्याचा फोटो काढायचा, एवढंच त्यांना आयुष्यात हवं होतं.

साखरशेतचा एक म्हातारा आंब्यावरून पडून मनगट मोडून आला होता. त्यानं सगळी गोष्ट शांतपणे ऐकून घेतली आणि विचारलं, "तू बगलास काय तो घोडा?"

"डोळ्यांनी दिसत नाही बाबा."

"मंग तो हाय, हे तुला कोनी सांगला?"

"पुस्तकात फोटो आहे त्याचा."

"तं मंग दुसऱ्यानं काढलाय ना. तू पुना कशाला काढतोस?"

काका धावत माझ्या खोलीत आले. इतके खूश मी त्यांना क्वचितच पाहिले. "ताई, या प्रश्नाला माझ्याकडे उत्तरच नाही हो!" मी मोजणीत होते, आकडा चुकला. पुन्हा पहिल्यापासून मोजायला लागले आणि मनातल्या मनात दोघांनाही चार शब्द सुनावले.

तर, कॅमेरा निवडायचा होता. दर महिन्यातल्या एखाद्या रविवारी ते नाशिकला जायचे, इंटरनेटच्या दुकानात बसायचे आणि कागद छापून आणायचे. सोमवारी ती गुंडाळी माझ्या दारात. त्यांनी एक जाड वही केली होती. तीत प्रत्येक कॅमेऱ्याला दोन पानं आणि त्या पानांवर फक्त दोष. गुण लिहीत नसत. "गुण विकणारा सांगतोच," असं त्यांचं म्हणणं. एकाची चिप फार लहान, घोडा मावणार नाही. दुसऱ्याला दोन बॅटऱ्या लागतात, आणि इथे वीज कधी जाईल याचा नेम नाही. तिसरा गार होतो, पण दमट हवेत त्याच्या काचेवर दव जमतं. चौथ्याचं पान भरेपर्यंत तो बनायचाच बंद झाला.

गाळता गाळता शेवटी दोन उरले. काकांनी त्यांना नावं दिली होती. एक रंगीत फोटो काढणारा, तो रंगराव. दुसरा नुसता काळा-पांढरा, तो काळूराम. रंगराव सोपा. एकदा उघडायचा, रंगीत चित्र हातात. काळूराम जास्त बारीक टिपतो, पण रंग हवे असतील तर त्याच्यापुढे एकेक रंगाची काच लावून तेच काम तीन वेळा करायचं. हे दोन उरल्याला दोन वर्षं झाली आणि निर्णय होईना. ते सगळ्यांना विचारायचे. शिपाई रंगरावाच्या बाजूनं होता. मोठ्या डॉक्टरांनी एकदा वैतागून "काळूराम" म्हटलं, तर काकांनी तासभर त्यांना काळूरामचे दोष ऐकवले. मी ज्या दिवशी जे सुचेल ते सांगायचे. मी काहीही सांगितलं तरी ते म्हणायचे, "हां, पण..."

त्यांचा पुतण्या अमेरिकेत होता. तो दर वर्षी डिसेंबरात यायचा आणि दर वर्षी आधी फोन करून विचारायचा, काका, कोणता आणू? दर वर्षी काका म्हणायचे, पुढच्या खेपेला.

एका पावसाळ्यात मोखाड्याकडच्या पाड्यांवर तापाची साथ होती. रक्ताचे नमुने घ्यायला मला दोन दिवस तिकडे पाठवलं. दुसऱ्या दिवशी काकूंनी जेवायला बोलावलं. त्या घरात मी तेव्हा पहिल्यांदा गेले. भिंतींना वीतभर उंचीपर्यंत ओल चढलेली. दोरीवरचे कपडे दमट. घराच्या चहूबाजूंनी धुकं, शेजारघर नाही, दिवसभर कोणी बोलायला नाही. काकू नाचणीची भाकरी थापत होत्या आणि दर भाकरीला थांबून खोकत होत्या.  आम्हा दवाखान्यातल्या लोकांना खोकला ऐकला की तो किती दिवसांचा, याचे आकडे सुचतात. हा खोकला जुना होता.

"औषध घेता ना?"

"घेते की. पण हवेला औषध नाही." त्या पाटावर टेकल्या. "मुलानं नाशिकला घर घेतलंय. खाली डॉक्टर आहे. बहीण दोन गल्ल्या सोडून. मी ह्यांना म्हटलं, चला. तर म्हणाले, एकदा कॅमेरा येऊ दे, एक घोडा काढू दे, मग जाऊ. मी म्हटलं, बरं. तसं ठरलंय आमचं."

"कधी ठरलं?"

"झाली की सहा वर्षं."

 काकू हसल्या आणि हसण्यातूनच खोकला आला.

"तुम्हाला सगळ्यांना वाटतं, ह्यांना निवडता येत नाही. येतं हो. मला बघायला आले, पाच मिनिटांत हो म्हणाले. कॅमेरा निवडला की इथून जावं लागणार, म्हणून निवडत नाहीत."

"आणि तुम्ही गप्प बसलात?"

"काय करू? रात्री अंगणात त्या दुर्बिणीपाशी उभे असतात ना, तेव्हा तोंड बघा त्यांचं. दिवसा तसं दिसत नाही."

जव्हारला परतताना मला फार राग आला होता. दोन वर्षं त्या माणसानं माझ्या दुपारी खाल्ल्या, चिप आणि दव आणि बॅटऱ्या, आणि हे सगळं नाटक होतं. दुसऱ्या दिवशी मी अंधारखोलीचं दार ढकललं. लाल उजेडात ते फिल्म चिमट्यांना लावत होते.

"काका, काकूंना अजून किती वर्षं खोकायला लावणार आहात?"

ते वळले नाहीत. त्यांनी पुढची फिल्म चिमट्याला लावली.

"दार लावा ताई," ते म्हणाले. "फिल्म उघडी आहे."

मी दार लावलं, बाहेरून.

त्यानंतर दीडेक महिना ते माझ्या खोलीकडे फिरकले नाहीत. अडीच वाजायचे, दारात कोणी नसायचं, माझ्या काचपट्ट्या वेळेत संपायच्या. मला बरं वाटत होतं. मग चार-पाच दिवसांनी बरं वाटेनासं झालं. पण आपण होऊन जाऊन बोलण्याइतकी उमेद माझ्यात नव्हती. त्या वर्षी माझा बदलीचा अर्ज पुन्हा परत आला होता.

गणपती झाल्यावर एका सकाळी काका नेहमीच्या जीपमधून उतरले ते काकूंना धरून. ओठ निळसर, बोलता येत नव्हतं. ऑक्सिजन लावला, वाफारा दिला, तासाभरानं जीव जरा ठिकाणावर आला. डॉक्टरांनी छातीचा एक्स-रे सांगितला. एक्स-रे काढणारे दवाखान्यात एकटे काकाच.

मला मदतीला बोलावलं, कारण काकूंना उभं राहवत नव्हतं. काकांनी शिशाचा जड एप्रन माझ्या अंगावर चढवला आणि पाठीमागच्या नाड्या बांधल्या. मी काकूंचे खांदे धरले. काका आडोशामागे गेले. रोज शंभरदा म्हणायचे तेच शब्द म्हणाले, "श्वास घ्या. धरा." मग बहुधा लक्षात आलं, समोर कोण आहे. "अगं, धर. एकच क्षण धर."

त्यांना धरता येईना. खोकला आला. फिल्म धुऊन आली ती हललेली, फासळ्या दोन दोन दिसत होत्या. दुसरीही तशीच. तिसऱ्या वेळी काकूंनी डोळे मिटले, माझ्या दंडात नखं रुतवली आणि श्वास धरला. ते यंत्र 'टक्' वाजलं. काका पेटी घ्यायला बाहेर आले नाहीत. मी डोकावले. काका आधीच्या फिल्मची पेटी छातीशी धरून उभे होते.

डॉक्टरांनी फिल्म उजेडात धरली, काकांकडे बघून म्हणाले, "मी तुम्हाला काय सांगणार? तुम्ही रोज बघता."

संध्याकाळी काकू वॉर्डात झोपल्या होत्या. मी घरी निघाले तर काका पायरीवर बसलेले. मीही बसले. दीड महिन्यानंतर असं सोबत बसायची ती पहिलीच वेळ.

"काळूराम," ते म्हणाले.

मला क्षणभर कळलंच नाही. मग कळलं. मी म्हटलं, "रंगराव सोपा नव्हता का? लवकर उरकलं असतं."

"रंगरावला काळं आकाश लागतं. शहरात तो आंधळा होतो. काळूरामपुढे गडद लाल काच लावली की तो तेवढाच एक रंग बघतो. घोड्यामागचा ढग नेमका त्याच लाल रंगात पेटलेला असतो. रस्त्यावरचे दिवे मग त्याला फारसे दिसत नाहीत. नाशिकच्या गच्चीवरूनसुद्धा चालेल."

"हे तुम्हाला कधी कळलं?"

"पहिल्याच वर्षी."

"वहीत तर दिसलं नाही कधी."

"वहीत मी दोषच लिहायचो ताई," ते म्हणाले आणि पुतण्याला फोन करायला उठले.

डिसेंबरात कॅमेरा आला. मी एका संध्याकाळी मुद्दाम मोखाड्याला गेले. लोणच्याच्या लहान बरणीएवढा काळा डबा, मागे इवलासा पंखा घरघरतोय. मुलाचा जुना लॅपटॉप ओसरीत स्टुलावर. काकांनी मला पडद्यावरचा आकडा दाखवला. "उणे पंधरा! मोखाड्यात उणे पंधरा!" काकू शालीत गुरफटून उंबऱ्याशी बसल्या होत्या. "आता त्याला स्वेटर घाला," म्हणाल्या. शेवटची जीप चुकू नये म्हणून मी अंधार पडायच्या आधीच निघाले. घोडा मला त्या दिवशी दिसला नाही.

संक्रांत झाली आणि ते नाशिकला गेले. निवृत्तीला दोन वर्षं होती, तरी नोकरी स्वेच्छेनं सोडली. निरोपाच्या दिवशी भाषण करा म्हटलं तर "फिल्मच्या पेट्या खिडकीपासून लांब ठेवा" एवढंच बोलले आणि खाली बसले.

पुढे दोनेक वर्षांनी एका लग्नासाठी नाशिकला गेले होते, तेव्हा त्यांच्याकडे गेले. तिसरा मजला, दुपारची वेळ. दार काकांनी उघडलं आणि ओठांवर बोट ठेवलं. काकू आत झोपल्या होत्या. आम्ही बाहेरच्या खोलीत बसलो. भिंतीवर एक चौकट होती. तिच्यात करड्या, मऊ ढगासमोर काळं, वळलेल्या मानेचं घोड्याचं तोंड.

"हा मोखाड्याचा?"

"नाही. हा इथल्या गच्चीवरचा. मोखाड्याचा हा." त्यांनी खणातून एक फोटो काढला. घोडा त्यातही होता, पण सगळ्या चित्रावर वाळू सांडल्यासारखी खरखर होती.

मी म्हटलं, "तिथलं आकाश तर जास्त काळं. मग हा असा कसा?"

"एक फोटो म्हणजे एक फोटो नसतो. दहा दहा मिनिटांचे पुष्कळ काढायचे आणि एकावर एक रचायचे. जितके जास्त तितकी खरखर कमी. आणि तारे सरकत असतात, म्हणून ती दहा मिनिटं दुर्बिणीला जोडलेल्या बाजूच्या नळीला डोळा लावून एक तारा मध्यावर धरून ठेवायचा. उठलं की तो फोटो वाया." ते अगदी हळू बोलत होते. "मोखाड्यात सात रात्री बसलो. ती खोकायला लागली की उठून आत जायचो. पाणी द्यायचो, पाठ चोळायचो, परत यायचो. सात रात्रींत अकरा मिळाले."

"आणि इथे?"

"सत्तेचाळीस. तीन रात्रींत. एकदाही उठावं लागलं नाही."

त्यांनी मोखाड्याचा फोटो खणात ठेवला आणि खण आवाज न करता सरकवला. मग हातानंच विचारलं, चहा टाकू का. मी नको म्हटलं. भांड्यांचा आवाज झाला असता.